बसणे आणि मानवणे

नवी वस्तू जुन्या वस्तूला जोडायची झाली, की मराठी माणूस चार क्रियापदे वापरतो. ती बसते का, पेलते का, जुळते का आणि मानवते का. बोलण्याच्या ओघात आपण ही चारही एकमेकांच्या जागी खुशाल ठेवतो. पण त्यांत अंतर आहे. चप्पल पायात बसते आणि तरी दिवसभराच्या चालीला मानवत नाही, हा अनुभव सर्वांचाच. मला मात्र हे अंतर सर्वांत स्पष्ट दिसले ते एका ग्राफिक्स कार्डाच्या निमित्ताने. मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. पण तालुक्याच्या गावी ज्याला इंग्रजी माहितीपत्रक चिकाटीने वाचता येते तोच जाणकार ठरतो. आणि चिकाटीने वाचणे हा तर आमचा धंदाच आहे.

पोलादपूर तालुक्यातील एका वाडीतून महाडला शिकायला येणारी एक विद्यार्थिनी ब्लेंडर या विनामूल्य सॉफ्टवेअरवर आपल्या वाडीचे त्रिमित चित्र उभे करीत होती. कौलारू घरे, पडव्या, मागचा डोंगर. तिचा संगणक म्हणजे कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, २०१३ च्या सुमाराच्या प्रोसेसरचे एक छोटेखानी यंत्र. एकेका कौलाची सावली मोजता मोजता एका चित्राला त्याची अख्खी रात्र जाई. मुंबईत नोकरी करणारा तिचा भाऊ गणपतीला येताना लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणणार होता. किंमत त्याच्या जवळजवळ महिनाभराच्या पगाराएवढी. शिवाय खोके एकदा फोडले, की दुकानदार सहसा ते परत घेत नाही. तिच्या वडिलांनी मला एवढेच विचारले, ''सर, बसल ना ह्यात?''

बसण्यापुरते उत्तर सोपे होते. पीसीआय एक्सप्रेस नावाची खाच गेली वीस वर्षे संगणकात आहे. तिच्या आवृत्त्या बदलल्या, वेग वाढला, पण चौथ्या आवृत्तीचे कार्ड तिसऱ्या आवृत्तीच्या खाचेत चालते. फक्त जुन्या वेगाने चालते. नव्याने जुन्याचा मान राखावा, ही सोय तिथे आधीच करून ठेवलेली आहे. मात्र खाच म्हणजे घर नव्हे. त्या यंत्राचे कॅबिनेट इतके अरुंद, की त्यात नेहमीच्या उंचीचे कार्ड मावणारच नाही. अर्ध्या उंचीचे, ज्याला 'लो प्रोफाइल' म्हणतात तेच हवे. म्हणून आम्ही झाकण उघडले आणि पट्टीने लांबी मोजली. शेजारची खाच रिकामी आहे का, तेही पाहिले, कारण पंख्यासह बहुतेक कार्डे दोन खाचांची जागा अडवतात. झाकण उघडल्यावर महाडात आणखी एक गोष्ट पाहिली जाते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर जुने यंत्र घेणारा माणूस आत गाळाची रेघ आहे का, ते आधी शोधतो. येथे ती नव्हती.

दुसरा प्रश्न पेलण्याचा. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, तेव्हापासून आमच्या भागात 'अजून पेलेल की' हे वाक्य कुणी सहज उच्चारत नाही. संगणकात भार मोजायचा तो वॅटमध्ये. खाच स्वतः कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्याहून अधिक लागले तर वीजपुरवठ्याच्या डब्यातून वेगळी जोडणी घ्यावी लागते. सहा पिनांची आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. या डब्याची एकूण ताकद २५५ वॅट आणि त्यात अशी वेगळी तार एकही नाही. डबा बदलावा म्हटले, तर त्याचा जोड बाजारातल्या डब्यांशी न मिळणारा. प्रोसेसरचे ८४, कार्डाचे ७०, इतर सर्व मिळून अंदाजे ४० धरले, की बेरीज दोनशेच्या आत राहते. म्हणजे सत्तरच्या आसपास वीज घेणारे कार्ड चालेल, त्यापुढचे नाही.

इथे वाचनाची खरी कसोटी लागली. एनव्हिडियाचे 'आरटीएक्स ३०५०' हे नाव भावाने लिहून घेतले होते. या एकाच नावाखाली निराळी कार्डे विकली जातात. २०२२ मध्ये आलेले आठ जीबीचे कार्ड १३० वॅट घेते आणि वेगळी तार मागते. २०२४ मध्ये आलेले सहा जीबीचे ७० वॅटवर भागवते. प्राचीन पोथ्यांच्या अभ्यासात ज्याला पाठभेद म्हणतात, तोच हा प्रकार: शीर्षक एक, संहिता वेगळी. पाठभेद न पाहता अर्थ लावणारा अभ्यासक फार तर टीकेचा धनी होतो. येथे एका घराचा महिन्याचा पगार पाण्यात गेला असता.

जुळण्याचे प्रश्न त्याहून नाजूक, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत. यंत्र सुरू होताना जो मूळ प्रोग्राम जागा होतो, तो फार जुना असला तर नव्या कार्डाला ओळखतच नाही आणि पडदा काळा राहतो. म्हणून त्याची शेवटची आवृत्ती आधी चढवून घ्यावी. तिचा मॉनिटर जुन्या निळ्या व्हीजीए तारेचा, तर नव्या कार्डावर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. मध्ये परिवर्तक हवा, म्हणजे एक दुभाषाच. आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून इतक्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे घरात घेत नाही. अशा यंत्राला लिनक्सचा आसरा उरतो. ब्लेंडर तेथेही तितकेच उत्तम चालते.

हे सारे झाल्यावरही मानवण्याचा प्रश्न राहतोच. तो यंत्राच्या अंगाचा नसून कामाचा आहे. हेच कार्ड कुणी खेळांसाठी घेतले असते, तर जुना प्रोसेसर त्याला वेळेवर काम पुरवू शकला नसता. वाढप्याचा हात जड असला की पंगत खोळंबते, तसे. पण ब्लेंडरमध्ये सगळे दृश्य एकदा कार्डाच्या स्मृतीत गेले, की पुढचे श्रम कार्डच उपसते. दृश्य त्या सहा जीबीत मावले पाहिजे, एवढीच अट. राहिली हवा. घाटाखालच्या पावसात ओलावा कपाटातल्या पुस्तकांनाही सोडत नाही. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर ठेवून पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवणे, हे पथ्य सांगितले. यूपीएसवरचे ६०० हे व्हीए असतात, वॅट नव्हेत. प्रत्यक्ष ताकद बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते, हेही सांगितले.

कार्ड आले, बसले. रात्रभराचे चित्र आता संध्याकाळच्या एका बैठकीत उतरते. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. पत्रिका पाहणाऱ्या आपल्या समाजात छत्तीस गुण मोजण्याची परंपरा आहे, आणि मोजताना नजर बहुधा नव्या माणसाच्या रूपावर व पगारावर असते. त्या घराला काय पेलेल, हे कुणी विचारत नाही. जाहिरातीही तेच करतात. नव्या वस्तूचे सामर्थ्य ठळक अक्षरांत छापतात आणि जुन्या घराच्या मर्यादा तळटीपेत. ज्यांना दरवर्षी सगळेच नवे घेणे परवडत नाही, त्यांनी उलट दिशेने वाचायला शिकले पाहिजे. आधी आपल्या घरातले जुने यंत्र नीट वाचावे, त्याची उंची, त्याची ताकद, त्याच्या अडचणी. मग बाजाराकडे वळावे. 'हे घेऊ नये' असे उत्तर निघाले, तरी ते वाचन फुकट गेले असे नाही. जुन्याला त्याच्या मर्यादेसह ओळखले, तरच त्याच्याकडून नवे काम घेता येते.