बिल फिंगरचं नाव

बॉब केनच्या पहिल्या चित्रातल्या बॅटमॅनचे कपडे चक्क लाल होते, डोळ्यांपुरता मुखवटा, पाठीला ताठ पंख. टोकदार कानांचा बुरखा, पंखांऐवजी केप, करडा रंग, हे सगळं बिल फिंगरने सुचवलं. ब्रूस वेन हे नाव त्याचं, गॉथमही त्याचंच. १९३९ मध्ये छापलेली पहिली गोष्टही त्यानेच लिहिली. नाव मात्र एकट्या केनचं. फिंगर १९७४ मध्ये गेला. केनने आत्मचरित्रात त्याचं श्रेय मान्य केलं ते १९८९ मध्ये, आणि पडद्यावर अधिकृत नाव आलं थेट २०१५ मध्ये.

हे मी रात्री दोन वाजता वाचत बसलो, त्याला कारण आहे.

गेल्या महिन्यात आमचा सर्च ७ सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आला. कोड माझा. कॅशिंगची आयडिया टीममधल्या ज्युनिअरची, तीही चहाच्या टपरीवर सहज बोललेली. डेमोत "कुणी केलं?" विचारल्यावर मी "आम्ही" म्हणालो. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मात्र "मी" लिहिलं. तिथे "आम्ही"ला रकानाच नसतो, अशी स्वतःची समजूत घातली. (केननेही घातली असेल.)

फॉर्म शुक्रवारपर्यंत एडिट करता येतो. आज बुधवार.