सोकोत्राची ढेरपोटी झाडं

बाल्कनीतल्या कुंडीत बुंधा फुगवून बसलेलं अडेनियम पाहिलंय ना? त्याचे दांडगे भाऊबंद येमेनच्या सोकोत्रा बेटावर भेटतात. रखरखीत कातळ, आणि बाटलीसारख्या खोडांवर चक्क गुलाबी फुलं! ती ढेरी म्हणजे पाण्याची टाकी. तिथलं काकडीचं झाडही तसंच ढेरपोटं. काकडी-भोपळ्याच्या अख्ख्या वेलखानदानात झाड झालेलं हे एकटंच. दुष्काळात लोक तेच तोडून गुरांना घालतात. नोव्हेंबर २०१५मध्ये तर लागोपाठ दोन चक्रीवादळं येऊन गेली. २००८पासून बेट जागतिक वारसा यादीत आहे, पण कोवळी रोपं खाणाऱ्या शेळ्यांना ते कोण सांगणार? आपल्या कुंडीत मात्र भरपूर वाळू-खडी घाला, कडक ऊन द्या, पावसाळ्यात आडोशाला ठेवा. ओल साचली की ढेरी आतून कुजते.