सही करण्याआधी शाळेचा पट बघा

मंडळी, आपल्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: "अपार्टमेंट्स नकोत, शाळांवर ताण येईल, सही करा." बे एरियातल्या आईबाबांनो, सही जरूर करा, पण आधी आकडे बघा. (सीएची खोड, जात नाही!)

कुपर्टिनोत गर्दीची भीती वर्षानुवर्षं ऐकू येतेय. आणि २०२२ मध्ये तिथल्या शाळा जिल्ह्याच्या रेगनार्ट आणि मायरहोल्ट्झ या दोन प्राथमिक शाळा बंद झाल्या. का? मुलंच कमी पडली. घरांच्या किमती हे त्याचं एक मोठं कारण. लहान मुलं असलेल्या जोडप्यांना तिथे घर परवडणार कसं?

राज्याने कुपर्टिनोला २०२३ ते २०३१ साठी ४,५८८ घरांची जागा दाखवायला सांगितलं. आराखडा जानेवारी २०२३ च्या मुदतीत झाला नाही. अशा वेळी 'बिल्डर्स रेमेडी' लागू होते. बिल्डरने काही घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवली, तर नुसतं झोनिंगचं कारण देऊन शहराला नाही म्हणता येत नाही. म्हणजे आपण 'नको नको' करत बसायचं आणि कुठे काय बांधायचं ते बिल्डर ठरवणार.

अजून एक. मत देता येत नाही म्हणून आपण घरी बसतो. पण सिटी कौन्सिलच्या सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. एच-वन-बीवर असलात तरी दोन-तीन मिनिटं मिळतात. विरोध असेल तर तोही तिथेच मांडा. फक्त त्याआधी मुलांच्या टीचरना एकदा विचारा, त्या रोज किती लांबून येतात.