निम्मी भिंत

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी कोल्हापुरात उतरलो आणि सवयीनं आधी टाउन हॉल गाठला. १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिलेली ही इमारत मेजर चार्ल्स मॅन्टची. १८८४ मध्ये पुरा झालेला, काळ्या घोटीव दगडाचा न्यू पॅलेसही त्याचाच. दोन्ही वास्तू आपापल्या आवारात ऐसपैस उभ्या आहेत, चहूबाजूंनी फिरून बघता येतात. या खेपेला मला बघायची होती ती प्रदक्षिणा घालता न येणारी घरं.

हे वेड बाथहून आणलेलं. इंग्लंडमधल्या त्या गावात रॉयल क्रेसेंट म्हणून तीस घरांची अर्धचंद्राकार ओळ आहे, १७६७ ते १७७४ मधली. दर्शनी बाजू धाकट्या जॉन वुडनं एकसारखी आखली. मागचं घर मात्र ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं बांधलं. घराघरांत भिंत एकच. लंडनमध्ये तर ही सामाईक भिंत किती जाड हवी, हे १७७४ च्या कायद्यानंच ठरवून दिलं. १६६६ च्या आगीनं शहराला धडा शिकवला होता.

भवानी मंडपातून मंगळवार पेठेत शिरलो. इथलीही घरं खांद्याला खांदा लावून उभी. तोंड अरुंद, आत मात्र लांबच लांब: सोपा, माजघर, स्वयंपाकघर, शेवटी परडं. दोन्ही अंगांना खिडकी नाही, म्हणून माजघरावर एक काचेचं कौल. त्यातून पडलेला उजेडाचा चौकोन जमिनीवरून सरकत असतो.

एका उंबऱ्याशी रेंगाळलो तर आतून हाक आली, "या की पावणं, भाईर का उभं?"

सोप्यात बसलो. डावीकडच्या भिंतीत दिव्याचा कोनाडा, काजळीनं काळा झालेला. उजवीकडची भिंत पोपडे सुटून फुगलेली.

"ही भिंत कुणाची, आजी?"

"निम्मी आमची, निम्मी त्येंची. त्येंनी घर पाडलं, भिंत ऱ्हायली. आता पाऊस हिकडनं आत येतोय."

बाहेर येऊन पलीकडच्या मोकळ्या जागेतून पाहिलं. पांढऱ्या मातीचे भेंडे उघडे पडले होते. शेजारच्या छपराखाली कोरडी राहायची म्हणून त्या बाजूला पक्का गिलावा कधी झालाच नव्हता. वरच्या अंगाला शेजारच्या तुळयांची रिकामी भोकं दिसत होती आणि खाली आजींच्याच कोनाड्याचं जुळं, पलीकडच्या घराचं.

न्यू पॅलेस एकटा जपता येतो. पेठेतलं घर एकटं जपता येत नाही; त्याचा निम्मा आधार शेजाऱ्याच्या मालकीचा असतो. वारसा म्हणून नोंद करायचीच, तर घराची नको, ओळीची करा. आणि ते होईपर्यंत, पेठेत शेजारचं घर उतरवायला काढलंत, तर उघड्या पडणाऱ्या भिंतीला पावसाळ्याआधी गिलावा तेवढा करून द्या.