चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच



बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बारावीला कॉम्प्युटर सायन्स शिकवत होतो, तेव्हाची ही गोष्ट. प्रात्यक्षिकं टर्बो सी प्लस प्लसवर चालायची. हे सॉफ्टवेअर डॉसच्या जमान्यातलं, पण आपल्याकडच्या लॅबमध्ये त्याने पुढे कितीतरी वर्षं मुक्काम ठोकला.

दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतले होते. सी ड्राइव्हमध्ये जागा कमी, म्हणून पेनड्राइव्हवरचा 'टीसी' फोल्डर मी डी ड्राइव्हमध्ये टाकला. निळा स्क्रीन उघडला. झालं काम, म्हणून घरी गेलो.

शाळा उघडल्यावर पहिलंच प्रात्यक्षिक, दोन संख्यांची बेरीज. रोज एसटीने येणारी एक मुलगी रडवेली होऊन बसलेली. स्क्रीनवर एरर : 'अनेबल टू ओपन इन्क्लूड फाईल', आणि त्याखाली 'अनडिफाइन्ड सिम्बॉल सीआउट'.

मी लांबूनच म्हटलं, "बेटा, नीट पाहून टाईप कर."

"सर, तीन वेळा टाकलं. पुस्तकात पाहून पाहून टाकलं. मले तं काहीच समजून नाही राहिलं."

तास संपला. मी तिच्या जर्नलवर लाल पेनाने 'पुन्हा करणे' लिहिलं. पुढच्या बॅचला बाजूच्या मुलाच्या मशिनवर तोच एरर आला, मग तिसऱ्याच्या. सगळा वर्ग एकच चूक कशी करील? तेव्हा कुठे मी खुर्ची ओढून बसलो.

ऑप्शन्स मेनूत 'डिरेक्टरीज' उघडलं. फोल्डरसोबत जुनी सेटिंगही आली होती. इन्क्लूडचा पत्ता अजून सी ड्राइव्हचाच. कंपायलर बिचारा जुन्या घराचं दार ठोठावत होता! हेडर फाईलच सापडली नाही, तर सीआउट म्हणजे काय हे त्याला कळणार कसं? म्हणून खालचे एरर सोडा, सगळ्यात वरचा आधी वाचा. ती मुलगी खालचा दुरुस्त करत बसली होती, आणि मी तिला तेच करायला सांगत होतो.

पत्ता बदलला. कंपाइल झालं, पण आता लिंकर अडला : 'सी झिरो एस डॉट ओबीजे' फाईल उघडत नाही. ही फाईल लिब फोल्डरमध्ये असते आणि प्रोग्राम सुरू करून देणारा कोड तिच्यात असतो. लायब्ररीचा पत्ताही डी ड्राइव्हचा केला. बेरीज आली.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून दाखवलं.

"म्हंजे सर, माहं बरोबर होतं?"

"पहिल्यापासून."

जर्नल मागून घेतलं, लाल शेरा खोडला, सही केली. उरलेल्या मशिन तिनेच ठीक केल्या.

पालकांसाठी एक राहिलं. घरच्या लॅपटॉपवर नवा कंपायलर असेल, तर जुन्या पुस्तकातला प्रोग्राम टाकल्यावर 'आयोस्ट्रीम डॉट एच' सापडत नाही, असाच एरर येतो. तिथे सेटिंग शोधत बसू नका. 1998 च्या प्रमाणित सी प्लस प्लसमध्ये त्या नावातला 'डॉट एच' नाही. तो काढायचा आणि खाली 'युझिंग नेमस्पेस एसटीडी' ही ओळ टाकायची.