मीटर मागे, वर्ष पुढे

मँचेस्टरला आलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यातच कळतं की गाडी लागणार. बस आहेत, ट्राम आहे, पण रात्रपाळी संपवून पहाटे अंधारात, आडव्या पावसात स्टॉपवर उभं राहणं काही महिन्यांनी अंगावर यायला लागतं. नवी गाडी परवडत नाही, म्हणून सगळे जुनीच घेतात. आमच्या वॉर्डातल्या फिलिपिनो, केरळी, नायजेरियन नर्सेसनीही तशीच घेतली होती. भिवंडीत असते तर बाबांनी दोन माणसं पाठवली असती, नाक्यावरचा मेकॅनिक सोबत आला असता. इथे तसं कुणी नव्हतं. परक्या गावात अनोळखी माणसाकडून अनोळखी यंत्र घ्यायचं, आणि तेही महिनोन्‌महिने साठवलेल्या पैशातून.

तेव्हा मला एमओटीची नोंद वाचायला शिकवली ती वॉर्डातल्याच एका सिस्टरने. तीन वर्षं झाली की इथल्या गाडीची दरवर्षी तपासणी करून घ्यावीच लागते. १९६० साली इथल्या परिवहन मंत्रालयाने ही पद्धत सुरू केली. तेव्हा ती दहा वर्षांपुढच्या गाड्यांना होती, १९६७ पासून तीन वर्षांपुढच्या गाड्यांना लागू झाली. मंत्रालयाचं नाव बदलत गेलं, त्याच्या आद्याक्षरांचं एमओटी मात्र लोकांच्या तोंडी राहिलं. रेल्वेच्या जुन्या विटांच्या कमानींखाली इथे गॅरेजेस आहेत, तिथे गाडी वर उचलतात, ब्रेक, टायर, स्टिअरिंग, दिवे, धूर बघतात आणि पास की नापास ते लिहितात. सोबत त्या दिवशीचा मीटरचा आकडाही लिहितात. ही सगळी नोंद सरकारी संकेतस्थळावर फुकट बघायला मिळते. नंबरप्लेटवरचा नंबर टाकायचा, बस. मालकाचं नाव दिसत नाही, पत्ता दिसत नाही. गाडीचं मात्र सगळं दिसतं.

मी बघितलेली पहिली गाडी चंदेरी रंगाची होती, आत सुगंधी फवारा मारलेला. विकणारा अतिशय अदबीने बोलत होता. मीटरवर चोपन्न हजार मैल. बाहेर फुटपाथवर उभं राहून मी फोनवर नंबर टाकला. एका वर्षी ७१ हजार, पुढच्या वर्षी ७९ हजार, आणि त्याच्या पुढच्या वर्षी एकदम ४८ हजार. वर्ष पुढे गेलं होतं आणि मीटर मागे आलं होतं. मी आभार मानले आणि निघाले.

मला त्या नोंदीत आकड्यांहूनही मोलाच्या वाटतात त्या आकड्यांखालच्या सूचना. गाडी पास झाली तरी तपासणारा लिहून ठेवतो: पुढच्या डाव्या टायरची नक्षी झिजत आली आहे, मागच्या ब्रेकच्या पाइपला गंज धरू लागला आहे, इंजिनखाली तेल पाझरतंय. टायरच्या नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर, तिच्या जवळ आलं की सहसा लिहितात. आता एखाद्या गाडीला ब्रेकच्या पाइपचा गंज सलग तीन वर्षं लिहिलेला असेल, तर मालक कसा आहे ते कळतं. सांगूनही न करणारा माणूस. त्याने तेल वेळेवर बदललं असेल यावर मी विश्वास ठेवत नाही. उलट, एका वर्षी लिहिलेली गोष्ट पुढच्या वर्षी नाहीशी झालेली दिसली की ती गाडी कुणीतरी जपून वापरली आहे असं मी समजते. माझी आत्ताची गाडी मी अशीच निवडली, आणि तिने मला कधी रस्त्यात सोडलेलं नाही.

एवढ्याने सगळं कळतं असं नाही. गाडीवर कर्ज आहे का, विमा कंपनीने ती अपघातानंतर निकालात काढली होती का, चोरीची आहे का, हे त्या फुकट नोंदीत नसतं. त्याला काही पौंड मोजून खाजगी तपासणी करावी लागते. या धंद्यातलं जुनं नाव एचपीआय, १९३८ पासूनचं, ते सुरूच झालं हप्त्यावरच्या गाड्यांची माहिती ठेवायला. शिवाय इथलं आरसी बुक म्हणजे व्ही-फाइव्ह-सी. हा मालकीचा पुरावा नाही असं त्याच्यावरच छापलेलं असतं. निकालात काढलेल्या गाड्यांनाही वर्ग आहेत. ए आणि बी या वर्गांतल्या गाड्या पुन्हा रस्त्यावर येता कामा नयेत. एस म्हणजे सांगाड्याला मार लागलेली आणि एन म्हणजे सांगाडा शाबूत असलेली, या दोन्ही दुरुस्त करून चालवता येतात. एस आणि एन ही अक्षरं २०१७ पासूनची.

हे सगळं मी आज लिहिते आहे ते भिवंडीहून आलेल्या फोनमुळे. धाकट्या बहिणीचा मुलगा मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. बायको, लहान मूल आणि आई यांना घेऊन अंजूरफाट्याच्या रस्त्यावर, कंटेनर आणि ट्रेलरच्या मधून स्कूटर चालवायची त्याला आता भीती वाटते. म्हणून जुनी गाडी. २०२३ सालच्या पावसाळ्यानंतरची ही गोष्ट. "मावशी, सिंगल ओनर आहे, एमएच-०८ पासिंग, मार्च २०१७ची. कोकणातली गाडी, फारशी चाललेली नाही. मी परिवहनच्या ॲपवर बघितलं, लोन नाही, पीयूसी आहे, विमा आहे, चलान एकही नाही."

पोराने करायचं ते सगळं केलं होतं. आणि ॲपवर दिसलेलं सगळं खरंही होतं. पण किती चालली आणि कुठे ठोकली हे त्या ॲपवर दिसत नाही. मी त्याला म्हटलं, विम्याची पॉलिसी माग आणि नो क्लेम बोनस किती लिहिलाय ते वाच. गाडी विकणाऱ्या एजंटने आधी टाळाटाळ केली, मग चालू वर्षाची प्रत दिली. बोनस २० टक्के.

आता हिशेब बघा. आपल्याकडे एक वर्ष क्लेम नसेल तर बोनस २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. २०१७ची गाडी, क्लेम कधीच नाही, तर २०२३च्या पॉलिसीवर ५० हवेत. २० आहेत म्हणजे क्लेमशिवाय एकच वर्ष गेलंय. मधे पॉलिसी खंडित झाली असेल तरी बोनस जातो, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही. पण विमा मध्ये तुटलेला नाही असं एजंटच सांगत होता. तेव्हा क्लेम मार्च २०२१ ते मार्च २०२२ या वर्षातला. रत्नागिरी पासिंगची गाडी, आणि २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं होतं.

मी त्याला व्हिडिओ कॉलवर ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढायला सांगितला. सगळे पट्टा कमरेपर्यंत ओढतात, शेवटची वीतभर पट्टी कधी बाहेर येतच नाही आणि धुणारा तिथपर्यंत पोहोचत नाही. त्या शेवटच्या वीतभर पट्टीवर करडा गाळ बसलेला होता, रेघ सरळ आखल्यासारखी. डिकीतली स्टेपनी उचलली तर खालच्या खोबणीत तोच गाळ, बोल्टांना गंज. एजंट म्हणाला, धूळ आहे. भाच्याने बयाणा दिलेला नव्हता, तो घरी आला.

भिवंडीच्या माणसाला पुराचं पाणी सांगायला नको. कामवारी चढली की तीनबत्ती आणि भाजी मार्केटात काय होतं ते आम्ही लहानपणापासून बघितलंय. जुन्या यंत्राची पारखही आमच्या गावाला नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कितीतरी माग भिवंडीत येऊन पुन्हा चालू लागले. बाबा मागाचे मिस्त्री होते. जुना माग बघायला गेले की तेल लावून चकचकीत केलेल्या भागांकडे ते बघायचेही नाहीत. बिडाच्या चौकटीखाली हात घालून वेल्डिंगची गाठ लागते का ते चाचपायचे, मग माग रिकामा चालवून धोट्याचा आवाज ऐकत बसायचे. मात्र बाबांना माग विकणारा त्याच गल्लीतला असायचा, दुसऱ्या दिवशीही तोंड दाखवायला लागायचं. गाडी चिपळूणहून येते, मधे तीन दलाल असतात, आणि मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्मवर सही केलेला मालक कुणीच बघितलेला नसतो.

त्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून गाडी सोडून देणाऱ्यांनीही सांभाळावं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने अधिकृत नोंदणी करून गाडी ताब्यात घेतल्याचं ऑनलाइन कळवायचं असा नियमही आला आहे. चांगला नियम आहे. डीलरकडे गाडी द्यायची किंवा त्याच्याकडून घ्यायची तर त्याची ही नोंदणी आधी मागावी.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. या पंधरा वर्षांत एकही सरकारमान्य माणूस तिच्या खाली वाकून बघत नाही. पीयूसी फक्त धूर बघते. माहिती नाही म्हणावं तर तसंही नाही: विमा कंपनीकडे क्लेमची नोंद आहे, सर्व्हिस सेंटरकडे प्रत्येक वेळचे किलोमीटर आहेत. फक्त ज्याचे पैसे जाणार आहेत त्याला ते दिसत नाही. २०२१ मध्ये पनवेलजवळ नवी मुंबई पोलिसांनी भंगारात गेलेल्या गाड्यांचे चेसिस नंबर बदलून त्या विकणारी टोळी पकडली होती. त्या गाड्या घेणाऱ्यांमध्ये किती जणांची ती आयुष्यातली पहिली गाडी असेल, हे मनात आलं की अस्वस्थ व्हायला होतं. अशा गाडीचे ब्रेक कधी दगा देतील, एअरबॅग वेळेला उघडेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि मागच्या सीटवर घरचीच माणसं बसलेली असतात.

इंग्लंडसारखी वार्षिक तपासणी आपल्याकडे उद्या सुरू होणार नाही, एवढी केंद्रं उभी करायला वेळ लागेल. पण पीयूसीसाठी गाड्या केंद्रावर जातातच. तिथे धुराच्या आकड्यासोबत मीटरचा आकडा लिहा आणि गाडीच्या नंबरवर तो कुणालाही बघू द्या. मोठ्या क्लेमचं फक्त वर्ष आणि कारण त्याच ठिकाणी दाखवा. मालकाचं नाव लपवून हे करता येतं, ही इथल्या रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. परिवहन खात्यातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे.

तोवर वाचकांनी एवढं करावं: जुनी गाडी बघायला जाल तेव्हा गेल्या पाच वर्षांच्या विमा पॉलिसी मागा, मूळ मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नोंद काढा, आणि सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. याला जो नाही म्हणेल, त्याच्याकडून गाडी घेऊ नका.