पडद्यावरची यमुना

मराठी माणूस दिल्लीस बदलून येतो, तेव्हा यमुनेशी त्याची ओळख पानिपतामुळे आधीच झालेली असते. 1760 च्या पावसाळ्यात तिला पूर होता म्हणून भाऊसाहेबांचे सैन्य अडले, आणि ऑक्टोबरात अब्दाली बागपताजवळ ती उतरून आला, एवढे आम्हांस शाळेपासून पाठ. रोज पुलावरून कचेरीस जाता-येता मात्र आम्ही तिच्याकडे पाहत नाही. पाहिलेच तर नाकाला रुमाल लावून.

अशा आमच्या मंडळाने यंदा वार्षिक नाटक रद्द करून दोन संध्याकाळी नद्यांवरील चित्रपट दाखवावयाचे आणि प्रवेशिकांचे पैसे नदीकाठी काम करणाऱ्या काही तरुणांना द्यावयाचे ठरविले, तेव्हा कुरबुर झालीच. परप्रांतात वर्षातून एकदा मराठी संवाद कानी पडावेत म्हणून माणूस काय काय सोसतो!

पहिल्या दिवशी ऋत्विक घटकांचा ‘तिताश एकटि नदीर नाम’ (1973) झाला. नदी आटते आणि तिच्याबरोबर काठची कोळ्यांची वस्तीही मोडते, हे पाहून मंडळी हळहळली. बंगालातल्या नदीसाठी हळहळणे तसे सोपे होते. ओढाताण झाली ती दुसऱ्या दिवशीच्या ‘नर्मदा डायरी’वरून (1995). धरणाविरुद्धच्या आंदोलनाचा हा चित्रपट सरकारी नोकरांनी दाखवावा काय? वर्तणूक-नियमांचे पुस्तकही निघाले. अखेर पाटबंधाऱ्यांत हयात घालविलेले एक निवृत्त अभियंते म्हणाले, “दाखवा. नंतर मला बोलू द्या, म्हणजे झाले.”

ते धरणांची बाजू मांडणार, अशी आमची अटकळ होती. ते बोलले यमुनेवर. हथिनीकुंडाला बरेचसे पाणी दोन कालव्यांत वळते; वझीराबादला उरलेले दिल्ली पिण्यास घेते. त्याखाली उन्हाळ्यात वाहते ते बव्हंशी आपल्याच मोऱ्यांचे पाणी. वझीराबाद ते ओखला अवघे 22 किलोमीटर, नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. पण तिच्यातील घाणीचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भार तेथेच पडतो. “आणि ज्याला तुम्ही नजफगढ नाला म्हणता,” ते म्हणाले, “ती साहिबी नावाची नदी होती.”

एवढ्यावर टाळ्या पडून सभा संपली असती. पण त्या तरुणांनी खादरातल्या, म्हणजे पूरमैदानातल्या, एका नावाड्यास बरोबर आणले होते. 13 जुलै 2023 रोजी पाणी 208.66 मीटरपर्यंत चढले, त्यात त्याची झोपडी गेली होती. त्याने हिंदीत एवढेच विचारले, “नदी साफ करायची, म्हणजे आधी आम्हांलाच उठवणार ना, साहेब?” 2004 साली यमुना-पुश्त्यावरील हजारो झोपड्या हलविल्या गेल्या, हे पुढच्या रांगेतल्या बहुतेकांस ठाऊक होते. असले कागद ज्यांच्या टेबलावरून जातात, असेही दोघे-तिघे तेथे होते. उत्तर कोणी दिले नाही.

पैसे अद्याप खजिनदारांपाशीच आहेत. कोण किती वर्षांपासून राहतो, कोणाजवळ कोणता कागद आहे, याची वस्तीतली यादी आधी करावी, असे त्या तरुणांचे म्हणणे पडले. सरकारी कागद वाचता येणारी माणसे त्यांना हवी आहेत. रविवारी आमच्यापैकी चौघे जाणार. नाटक पुढल्या वर्षी.